दोघंही टूरिस्ट

‘तुम्ही दोघं घरी कधी असता गं?’ असं मावशी दर दोन महिन्यांनी फॅमिली ग्रुपवर विचारते. तिचं काही चुकत नाही. सिंगापूरला येऊन आम्हाला आता तीन वर्षं होतील. तेवढ्यात मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड, श्रीलंका, कंबोडिया, व्हिएतनाम आणि जपान असे सात देश झाले. मलेशियाच्या फेऱ्या तर मोजणंही सोडून दिलंय. ग्रुपवर फोटो पडतात, त्याखाली ‘मज्जा आहे बाबा तुमची’ येतं, चार अंगठे, दोन हार्ट, आणि विषय संपतो.

मावशीच्या प्रश्नाचं एक सोपं उत्तर आहे. सिंगापूर हा अख्खा देश मुंबईपेक्षा थोडासाच मोठा आहे. पुण्यात असताना आम्ही शनिवारी सकाळी उठून ताम्हिणीला जायचो. इथे असं गावाबाहेर पडायचं म्हटलं, तर देशाबाहेरच पडावं लागतं. उत्तरेकडच्या वूडलँड्सपासून मलेशियातल्या जोहोर बारूला जोडणारा कॉजवे जेमतेम एक किलोमीटर लांब आहे. चांगी विमानतळावरून जकार्ता, बँकॉक, हो चि मिन्ह सिटी ही सगळी दोन-अडीच तासांवर. सोमवारची एक रजा टाकली की तीन दिवस हातात. तिकीट महिनाभर आधी काढलं, तर कधी कधी पुणे-नागपूरपेक्षा स्वस्त पडतं.

दुसरं उत्तर फॅमिली ग्रुपवर लिहिण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या घरात सिंगापूरचे दोन पास आहेत. माझ्यावर लिहिलंय ‘एम्प्लॉयमेंट पास’ आणि नवऱ्याच्या पासवर लिहिलंय ‘डिपेंडंट्स पास’. मी बॅकएंड इंजिनिअर आहे, आणि इथे आम्ही माझ्या नोकरीमुळे आलो. महिन्याला किमान ६,००० सिंगापूर डॉलर पगार असलेल्या माणसाला आपला जोडीदार आणि मुलं सोबत आणता येतात. त्यांना मिळतो तो हा दुसरा पास. पूर्वी अशा जोडीदाराला नोकरी लागली, की कंपनीने एक संमतिपत्र काढलं तरी भागायचं. १ मे २०२१पासून ती सोय मोजके अपवाद सोडून बंद झाली. आता डिपेंडंटला नोकरी करायची, तर कंपनीने त्याच्यासाठी वेगळा वर्क पास काढायचा. म्हणजे तो इथे राहतो की पिंपरीत, याने काहीही फरक पडत नाही.

हे आम्हाला माहीत होतं. निघण्याआधी दोघांनी नियम वाचले होते आणि दोघांनी मिळून ठरवलं होतं. तो मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टूल डिझाइनला होता. जिग आणि फिक्स्चर, म्हणजे कारखान्यात एखादा भाग घट्ट आणि अचूक जागी धरून ठेवणारी साधनं, हे त्याचं काम. ‘वर्षभर बघू, मिळेल काहीतरी,’ असं तोच म्हणाला होता.

आम्ही जून २०२३मध्ये आलो. सप्टेंबरपासून नव्या अर्जांना ‘कॉम्पास’ नावाची गुणपद्धत लागू झाली. पास हवा असेल तर ४० गुण लागतात. चार मुख्य निकष आहेत: पगार, शिक्षण, त्या कंपनीत उमेदवाराच्या देशाचे लोक किती आहेत, आणि कंपनी स्थानिकांना किती नोकऱ्या देते. प्रत्येकात शून्य, दहा किंवा वीस. यातले शेवटचे दोन निकष उमेदवाराबद्दल नाहीतच, ते कंपनीबद्दल आहेत. मोठ्या कंपनीत अशा पदांवर २५ टक्के किंवा त्याहून जास्त भारतीय असतील, तर भारतीय उमेदवाराला त्या निकषात भोपळा. नवऱ्याने लगेच त्याचं एक्सेल केलं. डावीकडे कंपन्यांची नावं, उजवीकडे अंदाजे गुण. बेरीज बहुतेक ठिकाणी तीसवर अडकायची.

नियम दुष्ट आहे, असं मला वाटत नाही. एवढासा देश, तो आपल्या लोकांच्या नोकऱ्यांची काळजी करणारच. भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांवरची भाषणं ऐकत महाराष्ट्रात मोठ्या झालेल्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. पण नियम समजणं वेगळं आणि तो घरात येऊन बसणं वेगळं. मुलाखतीचा पहिला राउंड छान व्हायचा, दुसराही व्हायचा. मग एचआरचा फोन यायचा आणि सध्याचा पास कोणता, हे विचारलं जायचं. मी शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये असायचे. भिंतीपलीकडून ‘ओके, शुअर, नो प्रॉब्लेम’ ऐकू आलं, की मला कळायचं.

हळूहळू भाषा बदलली. पुण्यात ‘आपण मिक्सर बदलू या’ म्हणणारा माणूस ‘मिक्सर बदलायचा का, तू बघ’ म्हणायला लागला. भाडेकरारात मी ‘टेनंट’, तो ‘ऑक्युपायर’. क्रेडिट कार्ड माझं, त्याचं सप्लिमेंटरी. तो स्वयंपाक उत्तम करायचा, घर चकाचक ठेवायचा, ऑनलाइन कोर्सही करायचा. एकदाही चिडला नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटायची.

पुण्यात कुणी विचारलं, तर सासूबाई सांगायच्या, ‘तो ऑनलाइन काहीतरी करतो.’ माझी आई सांगायची, ‘अजून सेटल होतायत.’ उलटं असतं, मी घरी आणि तो नोकरीला, तर कुणी विचारलंच नसतं. आमच्या बिल्डिंगमध्ये अशा बऱ्याच मुली आहेत: एक सीए, एक डेंटिस्ट, दोन आर्किटेक्ट. त्यांच्या पासवरही हाच शब्द आहे. त्यांच्याबद्दल नागपूरला किंवा चेन्नईला कुणी सारवासारव करत नाही, कारण सारवायचं काही आहे असं कुणाला वाटतच नाही. नवऱ्यामुळे मला त्या मुली दिसल्या, हेही खरं. लिफ्टमध्ये भेटल्यावर मी आता ‘तू काय करतेस?’ असं विचारत नाही. ‘तू कशात शिकलीस?’ असं विचारते. उत्तर लांबलचक येतं.

१ डिसेंबर २०२३पासून मलेशियाने भारतीयांसाठी ३० दिवसांपर्यंत व्हिसाची अट काढून टाकली. पुढच्या फेब्रुवारीत आम्ही बसने मलाक्काला गेलो. सीमेवर आधी सिंगापूरच्या बाजूला उतरायचं, मग कॉजवे ओलांडून मलेशियाच्या बाजूला पुन्हा उतरायचं. मलेशियाच्या काउंटरवरच्या बाईने आधी त्याचा पासपोर्ट घेतला, मग माझा. हॉलिडे? हॉलिडे. किती दिवस? तीन. धप्प, धप्प. दोन सारखे शिक्के. बाहेर आल्यावर तो म्हणाला, ‘इथे आपण सेम टू सेम आहोत बघ.’ तो हसत म्हणाला आणि बॅग उचलून पुढे चालायला लागला. मला मात्र तिथेच कळलं, की आपल्याला हे पुन्हा पुन्हा करायचंय.

मलाक्कात एका गल्लीत गणपतीचं देऊळ आहे, १७८१ सालचं. मलेशियातल्या सगळ्यात जुन्या हिंदू देवळांपैकी एक. त्याच रस्त्यावर काम्पुंग क्लिंग मशीद आहे आणि चेंग हून तेंग हे चिनी देऊळही. गणपतीचं देऊळ चिट्टी समाजाचं. शेकडो वर्षांपूर्वी तमिळ व्यापारी या बंदरात आले, त्यांनी इथल्या बायकांशी लग्नं केली, त्यांचे हे वंशज. घरात मलय बोलतात आणि गणपती-शंकराची पूजा करतात. पायरीवर बसून नवरा म्हणाला, ‘तो पहिला व्यापारी आला, तेव्हा भाषा बायकोची, गाव बायकोचं, नातेवाईक बायकोचे. मग डिपेंडंट कोण होता?’ मी म्हटलं, ‘त्याच्याकडे माल होता ना.’ तो म्हणाला, ‘आणि माल विकायला भाषा कुणाची लागली?’

त्यानंतर प्रवासाचं खातं त्याच्याकडे गेलं. कुणी ते सोपवलं नाही, ते आपोआप गेलं. कॉम्पासच्या एक्सेलमध्ये नवीन शीट उघडलं: देश, व्हिसा, फी, दिवस. थायलंड नोव्हेंबर २०२३पासून व्हिसाशिवाय. व्हिएतनामचा ई-व्हिसा, एका वेळच्या प्रवेशाला २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत. इंडोनेशियाचा विमानतळावरच मिळतो, ५,००,००० रुपियांना. हा आकडा ऐकून आईला घाम फुटला होता. आपल्या पैशांत ते तीन हजारांच्या आतबाहेर होतात. मी शाकाहारी, त्यामुळे त्याने प्रत्येक भाषेतला शाकाहाराचा शब्द पाठ केला. व्हिएतनामीत तो ‘चाय’ आहे. तिथे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक मांसाहार करत नाहीत, म्हणून त्याने आमची तिकिटंही एकदा चंद्र बघून काढली. प्रवासात मी नुसती त्याच्या मागे चालते. कुठली बस, कुठला फलाट, मला काही माहीत नसतं. सिंगापुरात ‘तू बघ’ म्हणणारा माणूस इथे ‘चल, डावीकडे’ म्हणतो.

सप्टेंबर २०२४मध्ये जावा बेटावर योग्यकर्ताला गेलो. जवळच प्रंबानन आहे, नवव्या शतकातला मंदिरांचा समूह. मधलं शंकराचं मंदिर ४७ मीटर उंच. त्याच्या एका गाभाऱ्यात गणपती आहे, एकात अगस्ती, आणि उत्तरेकडच्या गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी दुर्गा. जावातले लोक त्या दुर्गेला रोरो जोंगरांग म्हणतात. तिची गोष्ट गाइडने सांगितली. बांडुंग बोंडोवोसो नावाच्या राजपुत्राने रोरो जोंगरांगला लग्नाची मागणी घातली. तिला लग्न करायचं नव्हतं, म्हणून तिने अट घातली: एका रात्रीत हजार मंदिरं बांध. भुताखेतांना कामाला लावून त्याने ९९९ पूर्ण केली. तेव्हा तिने गावातल्या बायकांना उठवून भात कांडायला लावला, पूर्वेला जाळ पेटवला. पहाट झाली असं समजून कोंबडे आरवले आणि भुतं पळाली. राजपुत्राने रागाने तिलाच दगड करून टाकलं. हजारावं मंदिर तीच.

गाइडचं सांगून झालं आणि नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, ‘चाळीसपैकी तीस.’ आम्ही इतके हसलो, की गाइड गोंधळला. सिंगापुरातल्या घरात या आकड्यावर आम्ही एकदाही हसलो नव्हतो. तिथे तो आकडा टेबलावर, मीठ-लोणच्याशेजारी असायचा. प्रंबाननच्या आवारात तो एका जुन्या गोष्टीतला आकडा झाला.

व्हिएतनामच्या ई-व्हिसाच्या अर्जात व्यवसायाचा रकाना आहे. मार्च २०२५मध्ये आम्ही शेजारी शेजारी बसून दोन अर्ज भरत होतो. त्या रकान्यापाशी त्याची बोटं थांबली. मी मुद्दाम माझ्याच स्क्रीनकडे बघत राहिले. मग टाइप केल्याचा आवाज आला. मेकॅनिकल इंजिनिअर. तीन दिवसांनी दोन्ही व्हिसे आले.

हॉय आनहून तासाभराच्या अंतरावर डोंगरांच्या वाटीत ‘मी सन’ आहे. चौथ्या ते तेराव्या शतकापर्यंत चाम राजांनी इथे विटांची मंदिरं बांधली, मुख्यतः शंकराची. ऑगस्ट १९६९मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात त्यातलं सगळ्यात मोठं शिखर कोसळलं. उरलेल्यांपैकी काही समूहांचं जतन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलंय. मी फोटो काढत होते आणि नवरा एका भिंतीला नाक लावून उभा होता. विटांच्या मध्ये चुना दिसतच नाही. झाडाचा चीक वापरला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याने मला जवळ बोलावलं. ‘हे नक्षीकाम बघ. एक फूल पाच विटांवर पसरलंय आणि रेष कुठेही तुटलेली नाही. म्हणजे आधी भिंत रचली, मग कोरली. वीट कोरून बसवली असती, तर एवढा मेळ बसलाच नसता.’ मग तो सांध्यांवर बोलला, विटा एकमेकींवर घासून बसवल्या असतील का यावर बोलला, भार कुठून कुठे जातो ते हाताने दाखवलं. अर्धा तास. ऊन मरणाचं होतं.

चाकणहून आल्यावर तो असाच बोलायचा. रात्री दहा वाजता, पोळी हातात धरून, कुठल्या तरी फिक्स्चरमध्ये पॉइंट दोन मिलिमीटरची गडबड कशी सापडली ते. तेव्हा मला कंटाळा यायचा. तो आवाज पावणेदोन वर्षांत मी ऐकला नव्हता, हे मला मी सनच्या त्या भिंतीपाशी समजलं.

प्रवासात सगळंच समान असतं, असं मात्र नाही. जपानच्या व्हिसाला खर्च कोण करणार, हे दाखवावं लागतं. त्याच्या अर्जाला माझं बँक स्टेटमेंट, माझ्या नोकरीचं पत्र आणि आमचं मॅरेज सर्टिफिकेट जोडलं. त्या दिवशी तो शब्द आमच्या मागे टोकियोपर्यंत आला. आणि या सगळ्याची एक पायरीही सांगायला हवी. रविवारी संध्याकाळी टेक्कात, म्हणजे इथल्या लिटल इंडियात, फिरताना बांधकामावरचे तमिळ आणि बांगलादेशी कामगार गवतावर बसून व्हिडिओ कॉल करताना दिसतात. वर्क परमिटवर आलेल्या माणसाला बायको-मुलं सोबत आणताच येत नाहीत. त्यांच्या बायकांना ‘डिपेंडंट’ लिहिलेला पास कुणी देऊ केला असता, तर त्यांनी तो देवासमोर ठेवला असता. आमचं दुखणं त्या मानाने वातानुकूलित आहे. तरी दुखणं आहे.

ऑगस्टमध्ये आम्ही पेनांगला गेलो. जॉर्जटाउनच्या जुन्या गल्ल्या, भिंतींवरची चित्रं, हे बघायचं म्हणून. पण बेटाच्या दक्षिणेला, विमानतळाच्या बाजूला, बायान लेपास आहे. इंटेलने १९७२ साली तिथे कारखाना काढला, अमेरिकेबाहेरचा त्यांचा पहिला. त्यानंतर चिप कापणं, पॅक करणं, तपासणं अशी शेवटच्या टप्प्यातली कामं करणाऱ्या कंपन्या तिथे येत गेल्या. टॅक्सीतून दोन्ही बाजूंना त्याच दिसतात. चिप तपासायची, तर ती अचूक जागी धरून ठेवावी लागते. नवरा खिडकीतून पाट्या वाचत होता. हॉटेलवर आल्यावर त्याने एक्सेल उघडलं आणि कॉम्पासचं शीट बंद करून नवीन शीट काढलं. मी विचारलं नाही. तिकडे आमच्याबरोबर शिकलेला एक मित्र होता, त्याला दुसऱ्या दिवशी आम्ही कॉफीला भेटलो. डिसेंबरमध्ये ऑफर आली.

आई म्हणाली, ‘दोन देशांत दोन बिऱ्हाडं? त्यापेक्षा पुण्याला या की.’ पुणे हा पर्याय आहेच. आम्ही तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय, खोडलेला नाही. सासूबाईंनी मात्र पहिल्यांदाच ग्रुपवर स्वतः मेसेज टाकला, कंपनीचं नाव आणि हुद्द्यासकट.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, ‘तू पण येऊ शकतेस. माझ्या पासवर.’ मी भात कालवत राहिले. मलेशियातही शब्द तोच आहे, डिपेंडंट, आणि त्यावर तिथेही मला आपोआप नोकरी करता येणार नाही. माझ्या टीमचं काम, माझं प्रमोशन, मला येणाऱ्या गोष्टी, हे सगळं बाजूला ठेवून पेनांगमध्ये एक्सेल उघडून बसायचं, हे मला डोळ्यांसमोर आणून बघावं लागलं. २०२३मध्ये मी त्याला हेच विचारलं होतं, आणि चहाचा कप संपायच्या आत तो ‘हो’ म्हणाला होता. मला कपापेक्षा जास्त वेळ लागतोय. तो म्हणाला, ‘घे वेळ.’ एक वर्षभर मी इथे, तो तिथे, आणि मग बघू, एवढं सध्या ठरलंय. विमानाने दीड तास.

डिपेंडंट्स पास परत करायचं त्यानेच ठरवलं. त्यामुळे एक नवीनच गोष्ट होणार आहे. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला यायचं, तर आधी व्हिसा काढावा लागतो, ३० डॉलर फी. म्हणजे या घरात, जिथला मिक्सर त्याने निवडला आणि जिथल्या मसाल्याच्या बरण्यांवर त्याच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत, तिथे तो आता टूरिस्ट म्हणून येणार. मुक्कामाच्या पत्त्यात आमच्याच घराचा नंबर लिहिणार. माझं यावर अजून नीट जेवण जात नाही. त्याला मात्र ते चालतंय. ‘व्यवसायाच्या रकान्यात यापुढे थांबावं लागणार नाही,’ एवढंच म्हणाला.

मार्चमधला पहिला वीकएंड आम्ही क्वालालंपूरला धरलाय. पेनांगहून आणि सिंगापूरहून ते जवळपास सारखंच लांब आहे, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तो रेल्वेने येईल, मी बसने. या वेळी सीमेवर शिक्का माझ्या एकटीच्याच पासपोर्टवर पडेल. हॉटेल त्याने बुक केलंय, त्याच्या पगाराच्या नवीन कार्डावर.